छत्तीस वळणं आणि गाडी लागणाऱ्या सासूबाई

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. थोडं कापून देते.

‘मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ऑस्ट्रियाला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. व्हिएन्नात तीन रात्री, साल्झबर्गला तीन रात्री, आणि मधले चार दिवस भाड्याच्या गाडीनं प्रवास. गाडी नवराच चालवणार. त्यानं वरंधा घाट भर पावसाळ्यात चालवलाय, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. त्याच्या एक्सेल शीटमध्ये वाखाउ खोरं, मेल्क, लिंझ, हालश्टाट, शाफबेर्गची रेल्वे, बर्फाची गुहा, ग्रोसग्लोकनरचा घाट आणि जर्मनीतला एक तलाव, एवढं सगळं आहे आणि रोज रात्री नवं हॉटेल. सासरे साताऱ्याला इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना सगळं नीट बघायचं असतं. सासूबाई अंडंही खात नाहीत आणि त्यांना गाडी लागते. खंबाटकी घाटातसुद्धा आवळासुपारी तोंडात धरून बसतात. नवऱ्याला मुख्यतः तो छत्तीस वळणांचा घाट करायचाय. मला फक्त भांडण न होता परत यायचंय. यातलं काय ठेवू आणि काय गाळू? आणि हो, सासूबाई विचारतायत, हापूसची पेटी नेता येईल का?’

तुमचं पत्र वाचून मला आमची पहिली युरोपवारी आठवली. आम्हीही अशीच एक शीट केली होती आणि तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, कोरडा ब्रेड खात, ती डिलीट केली होती.

आधी नकाशा. व्हिएन्ना ते साल्झबर्ग ए-वन महामार्गानं साधारण तीनशे किलोमीटर, म्हणजे तीन तास. रेल्वेनं तर अडीच तासांच्या आत. म्हणजे नुसतं पोचायचं असेल तर गाडीची गरजच नाही. गाडी घ्यायची ती महामार्ग सोडण्यासाठी. हे एकदा ठरलं की शीटमधल्या अर्ध्या ओळी आपोआप उडतात. लिंझ उडतं, कारण शहरात गाडी घेऊन शिरणं म्हणजे पार्किंग शोधत फिरणं. बर्फाची गुहा उडते, कारण तिथे आत सातशे पायऱ्या चढायच्या असतात आणि तापमान शून्याच्या आसपास. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी धरून चालते. जर्मनीतला तलावही उडतो. वाटेत तळी इतकी आहेत की सीमा ओलांडून आणखी एक बघायला जाणं म्हणजे कोल्हापुरात राहून मिसळ खायला पुण्याला येणं.

आणि ग्रोसग्लोकनर? त्याच्याबद्दल शेवटी बोलू. नवऱ्याला सांगा, तो गाळलेला नाही. फक्त तो या दोन शहरांच्या मधे नाहीच, साल्झबर्गच्याही पलीकडे दक्षिणेला आहे.

माझा हिशोब असा: चार रात्री आणि दोनच मुक्काम. पहिली रात्र डॅन्यूबच्या काठी वाखाउत, पुढच्या तीन रात्री तळ्यांच्या प्रदेशात एकाच घरात. रोज नवं हॉटेल म्हणजे रोज पाच बॅगा भरणं, पाच बॅगा उतरवणं आणि ‘माझा चार्जर कुठाय’ हा प्रश्न. सुट्टीतली निम्मी भांडणं तिथेच जन्माला येतात.

व्हिएन्नात असेपर्यंत गाडी घेऊच नका. 2022च्या मार्चपासून जवळपास अख्ख्या शहरात कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री दहा पैसे भरून पार्किंग आणि तेही एका वेळी जास्तीत जास्त दोन तास. ट्राम आणि मेट्रो इतकी सोयीची आहे की गाडी नुसती गळ्यातलं लोढणं होते. निघायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा. विमानातून उतरल्याउतरल्या गाडी चालवायची नाही हे तर सांगायलाच नको, पण सांगते, कारण आम्ही तेच केलं होतं.

क्रेम्स गाव तासा-सव्वातासावर. तिथून मेल्कपर्यंतचं डॅन्यूबचं छत्तीसेक किलोमीटरचं खोरं म्हणजे वाखाउ. 2000 सालापासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. दोन्ही काठांना रस्ता आहे. तुम्ही उत्तरेचा घ्या, गावं जास्त त्याच बाजूला आहेत. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांवर द्राक्षांचे वेल, खाली जर्दाळूच्या बागा आणि मधून मोठी संथ नदी. वळणं आहेत, पण घाट नाही, त्यामुळे आवळासुपारी पर्समध्येच राहील. जर्दाळू जुलैत पिकतात, म्हणजे तुम्हाला झाडाखाली मिळणार नाहीत, पण मुरांबा प्रत्येक दुकानात मिळेल. गावकरी जर्दाळूला ‘मारिले’ म्हणतात. हा शब्द पाठ असू द्या, त्यावर दुकानदार खूश होतात.

ड्यूर्नश्टाइनला थांबा. निळा-पांढरा मनोरा असलेलं इवलंसं गाव आणि वर पडका किल्ला. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला ‘सिंहहृदयी’ म्हणतात, तिसऱ्या धर्मयुद्धावरून परतताना 1192 मध्ये ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती लागला आणि त्याला इथे कोंडलं होतं. पुढे प्रचंड खंडणी मोजून सुटका झाली. सासऱ्यांना ही गोष्ट आधीच माहीत असणार. तरीही किल्ल्यावर त्यांनाच मुलाला सांगू द्या, तुम्ही मधे माहितीपत्रक वाचू नका. वर जायला वीस-पंचवीस मिनिटांची खडी चढण आहे. सासूबाई खाली नदीकाठच्या बाकावर बसल्या तरी त्यांचं काही बुडत नाही.

मुलासाठी खरी गंमत श्पिट्झ गावात. तिथे नदी ओलांडायला एक तराफ्यासारखी फेरीबोट आहे, गाडीसकट नेते. दाभोळ-धोपावेची फेरीबोट त्यानं बघितली असेल तर म्हणेल, त्यात काय! त्यात हे की हिला इंजिनच नाही. नदीवर वरून आडवा दोर ताणलाय, बोट त्याला बांधलेली, आणि नावाडी सुकाणूनं बोट थोडी तिरकी करतो. मग प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. येताना तिरका कोन उलटा. अकरा वर्षांच्या पोराला विज्ञानाचा हा तास फुकट, म्हणजे फेरीचं तिकीट सोडून.

त्याच गावाजवळ विलेनडोर्फ नावाची वस्ती आहे. रेल्वेचं काम चालू असताना 1908 मध्ये तिथे चुनखडीची, मुठीत मावेल एवढी एक गुबगुबीत स्त्रीमूर्ती सापडली, हजारो वर्षांपूर्वीची, हिमयुगातली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. सासऱ्यांना तिथे ती आधी दाखवा आणि मग इथे तिची जागा. उलट केलं तर मजा जाते.

रात्र श्पिट्झ किंवा वाइसनकिर्खनला काढा. संध्याकाळी एखाद्या घराच्या दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसेल. त्याचा अर्थ आज या शेतकऱ्याकडे त्याचीच वाइन आणि थंड खाणं मिळतंय. बसा जरूर. नवऱ्यानं मात्र द्राक्षांचा रस किंवा आल्मडुडलर नावाचं वनौषधींचं सरबत घ्यावं, गाडी चालवायची असेल तर. रक्तातल्या दारूची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, आणि ती कुठे संपते हे कोणालाच पिताना कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्कचा मठ. बेनेडिक्टाइन साधू तिथे 1089 पासून आहेत. आजची पिवळी, राजवाड्यासारखी इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, वास्तुकार याकोब प्रांडटाउअर. ग्रंथालय आणि चर्च बघा, दोन तास द्या आणि निघा. सासरे ग्रंथालयात रेंगाळतील. रेंगाळू द्या. त्यानंतर ए-वनवर दीड तास सरळ पळायचं, रेगाउला उतरायचं आणि ग्मुंडेन गाठायचं. या दीड तासात बघण्यासारखं फार नाही; सगळ्यांनी झोप काढावी. अर्थात चालकाशिवाय.

ग्मुंडेनपासून सुरू होतो झाल्त्सकामरगूट. ‘झाल्त्स’ म्हणजे मीठ. मिठाच्या खाणींचा हा सरकारी मुलूख, हॅब्सबर्ग सम्राटांची तिजोरीच. पहिलं तळं ट्राउनझे, 191 मीटर खोल, ऑस्ट्रियातलं सर्वांत खोल. रस्ता पाण्याला लागून जातो, डावीकडे तळं, पलीकडे सरळ उभा कडा. गाडी चालवणाऱ्याची नजर हटते, म्हणून नवऱ्याला आधीच वचन द्या की मध्ये थांबायचंय. ट्राउनकिर्खनला थांबा.

मुक्काम कुठे? इंटरनेटवर सगळे हालश्टाट म्हणतील. मी म्हणते बाड इशल. हालश्टाटला वीस किलोमीटर, शाफबेर्गच्या रेल्वेला जवळपास तेवढंच, साल्झबर्गला पंचावन्न. खरंखुरं गाव आहे, औषधाचं दुकान आहे, रेल्वे स्टेशन आहे, भाजी मिळते. इथे हॉटेल नको, ‘फेरियनवोनुंग’ घ्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर. त्याचं कारण सासूबाई.

ऑस्ट्रियात शाकाहारी खाणं आता सहज मिळतं, पण अंडं नको म्हटलं की गंमत सुरू होते. चीजमध्ये घोळलेल्या श्पेट्झलेत, म्हणजे पिठाच्या जाडसर शेवयांत, अंडं. काइझरश्मारन, म्हणजे चुरलेला फुगीर धिरड्यासारखा गोड पदार्थ, तो तर अंड्यावरच उभा. बऱ्याचशा क्नोडेलमध्ये, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांत, अंडं. आणि दोन छुपे शत्रू लक्षात ठेवा. एक, साधं दिसणारं सूप: भाज्या किंवा धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं असलं तरी खालचं पाणी बहुतेक वेळा गोमांसाचं. दोन, बटाट्याचं सॅलड: तेही इथे पुष्कळदा त्याच पाण्यात भिजवतात. वेटरला नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही, ‘रिंडसुपं’, म्हणजे हेच गोमांसाचं पाणी, ‘आहे का’ असं विचारा. घरात चूल असली की हा सगळा प्रश्न मिटतो. तांदूळ आणि मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. मेतकूट, गोडा मसाला, लोणचं घरून न्या. दोन वेळा मऊ खिचडी झाली की सासूबाईंचा ऑस्ट्रियाबद्दलचा दृष्टिकोन बदलतो, हे मी माझ्या सासूबाईंवर प्रयोग करून सांगते.

आणि रविवार! रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद. थोडीफार बंद नव्हे, बंद. मोठं स्टेशन किंवा पेट्रोल पंपावरचं दुकान सोडलं तर दूधही मिळणार नाही. तुमच्या तारखांच्या आसपास, मे-जूनमध्ये, ईस्टरच्या हिशोबानं येणाऱ्या तीन सरकारी सुट्ट्या असतात, त्यातल्या दोन गुरुवारी. मग लोक शुक्रवारची रजा टाकून तळ्यांकडे धावतात. कॅलेंडर काढा आणि बघा. त्यातला एक गुरुवार, फ्रोनलाइखनाम हा ख्रिस्ती सण, जमला तर मात्र चुकवू नका: हालश्टाट आणि ट्राउनकिर्खनला त्या दिवशी धार्मिक मिरवणूक चक्क तळ्यावर, होड्यांतून निघते. पालखी नदी ओलांडताना बघितलेल्या माणसाला ते बघून परकं वाटत नाही.

बाड इशलमध्येच सासऱ्यांची खरी जागा आहे. सम्राट फ्रांझ योसेफचा उन्हाळी बंगला, काइझरविला. दर उन्हाळ्यात तो इथे यायचा, शिकारीला जायचा आणि इथूनच राज्य चालवायचा. 28 जुलै 1914 रोजी सर्बियाविरुद्धच्या युद्धाचा जाहीरनामा, ‘माझ्या प्रजाजनांना’, त्यानं इथेच सही करून काढला. त्या सहीपासून महायुद्ध पेटत गेलं आणि साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांतून शेतकऱ्यांची पोरं फौजेत भरती होऊन समुद्रापार गेली, कित्येक परतलीच नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. साताऱ्याच्या इतिहासाच्या शिक्षकाला तो बंगला दाखवायचा आणि मागे दोन पावलं उभं राहायचं. नंतर झाउनर नावाच्या जुन्या मिठाईवाल्याकडे चला. तिथल्या काचेसमोर सासूबाईंना ‘यात अंडं आहे का’ हे फार वेळा विचारावं लागेल, उत्तर बहुतेक हो असंच येईल, पण कॉफी चांगली असते.

आता हालश्टाट. आपल्याकडे हॉलस्टॅट म्हणतात, फोटो सगळ्यांनी बघितलेत. साडेसातशे-आठशे वस्तीचं गाव, डोंगर आणि तळं यांच्या फटीत बसवलेलं, आणि हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत पाहुणे. चीननं 2012 मध्ये ग्वांगडोंगमध्ये त्याची नक्कल बांधली. 2023 मध्ये गावकऱ्यांनी वैतागून सेल्फीच्या जागेपुढे लाकडी कुंपणच उभारलं, टीका झाल्यावर काढलं. चूक कुणाची हा प्रश्न नाही, पण आपण त्या दहा हजारांत दुपारी बाराला सामील व्हायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

त्या दिवशी गाडी इशलमध्येच ठेवा. हो, गाडीच्या सहलीतला सगळ्यात सुंदर तास गाडीविना आहे. इशलहून आगगाडी पकडा, अर्ध्या तासाच्या आत हालश्टाट स्टेशन. स्टेशन तळ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. आगगाडी आली की खाली धक्क्यावर बोट उभी असते, ती दहा मिनिटांत समोरच्या काठावर नेते. पोस्टकार्डातलं गाव पाण्यावरून हळूहळू जवळ येतं. गाडीनं आलात तर हेच गाव बोगद्यातून आणि वाहनतळाच्या फलकांवरून सुरू होतं, आणि फलकावर बहुधा ‘भरले’ असतं. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना तशीही बंदी आहे. सकाळची पहिली किंवा दुसरी आगगाडी पकडा, सुटे युरो जवळ ठेवा, आणि शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच बघून ठेवा, ती संध्याकाळी लवकर सुटते.

मिठाची खाण बघायची का? सासऱ्यांसाठी हो. सात हजार वर्षांपासून इथे मीठ निघतंय. इसवी सनापूर्वी आठव्या ते पाचव्या शतकातल्या मध्य युरोपच्या अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव दिलंय. खाणीत मिठामुळे लाकूड कुजलं नाही, म्हणून इसवी सनापूर्वी 1344 सालच्या झाडांपासून केलेला लाकडी जिना आजही आहे. इसवी सनापूर्वी, सनानंतर नव्हे! आत आठेक अंश तापमान, स्वेटर हवाच. वर जाणारी केबलरेल्वे चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे आरक्षणाआधी बघा. ती बंद असेल तर सासू-सासऱ्यांना चढवू नका.

खाण जमली नाही तर वरच्या चर्चजवळची अस्थिकोठी बघा. गाव एवढंसं, दफनभूमी त्याहून एवढीशी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून कवटी बाहेर काढायची, उन्हात वाळवायची, तिच्यावर नाव आणि फुलापानांची नक्षी रंगवायची आणि कोठीत ठेवायची. अशा सहाशेहून अधिक रंगवलेल्या कवट्या तिथे आहेत. शेवटची 1995 मध्ये आली. सासूबाईंना विचारूनच आत न्या. मुलाला विचारायची गरज नाही, तो आधीच आत असेल.

त्याच दिवशी दुपारी उत्साह असेल तर इशलला परतून गाडीनं गोझाउच्या तळ्यावर जा. नसेल तर दुसऱ्या दिवशी. डाखश्टाइनची हिमनदी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, आणि तळ्याभोवती तासा-दीड तासाची सपाट पायवाट. मेअखेर सूर्य रात्री नवाच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहालाही उशीर झालेला नसतो. तिथून परतताना घाई करू नका, एवढंच.

चौथा दिवस रिकामा ठेवा. मुलानं हट्ट केला तर शाफबेर्गची दातेरी रुळांची रेल्वे, 1893 पासूनची, सतराशे तीस मीटरपर्यंत नेते. वर ढग असतील तर पैसे पाण्यात, म्हणून तिकीट सकाळी आकाश बघून. नाहीतर तळ्याकाठी बसा. सासूबाईंचा आवडता दिवस हाच ठरेल, पैज लावते. मग पाचव्या दिवशी सकाळी सांक्ट गिल्गनमार्गे साल्झबर्ग. वाटेत एक थांबा: मोझार्टची आई याच गावात जन्मली. तासाभरात साल्झबर्ग.

आणि आता तो घाट. ग्रोसग्लोकनरचा रस्ता 3 ऑगस्ट 1935 रोजी खुला झाला. मंदीच्या काळात, पाच वर्षांत, अभियंता फ्रांझ वालाक यांच्या आराखड्यावर. अठ्ठेचाळीस किलोमीटर, छत्तीस वळणं, मुख्य रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू 2504 मीटर. आपल्या कळसूबाईच्याही साडेआठशे मीटर वर, आणि तिथे गाडीनं पोचायचं! मेअखेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असू शकतात. नवऱ्याला तो का हवाय हे मला पुरेपूर कळतं. मीही त्याच्याच बाजूनं आहे. पण हा रस्ता सासूबाईंसाठी नाही, आणि त्यांना मागच्या सीटवर कोंबून नेणं म्हणजे नवऱ्याच्या स्वप्नाचा आणि त्यांच्या पोटाचा, दोघांचाही बळी.

म्हणून साल्झबर्गला पोचल्यावर गाडी लगेच परत करू नका, एक दिवस वाढवा. बापलेक दोघंच पहाटे निघू देत. पायथ्याशी पोचायला दीड तास, मग अख्खा दिवस घाट. टोलच एका दिवसाला पंचेचाळीस युरोच्या आसपास आहे, त्यामुळे वर-खाली पळून परत येण्यात अर्थ नाही. हिमनदीच्या बाजूला काइझर-फ्रांझ-योसेफ्स-होह्अ या बघण्याच्या जागेपर्यंत जावं. तुम्ही तिघं साल्झबर्गच्या जुन्या गल्ल्यांत. जायचं की नाही ते आदल्या रात्री घाटावरचे थेट कॅमेरे बघून ठरवावं, महिन्याभरापूर्वी तारीख बांधून नव्हे. आणि वरंधाच्या चालकाला एक आठवण: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर हाताचा मोड वापरा. ब्रेकवर पाय ठेवून सगळा घाट उतरणाऱ्यांच्या गाड्यांचा जळका वास खालच्या थांब्यावर दरवळत असतो.

चालवण्याबद्दल बाकी थोडक्यात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो, आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. गाडी ऑटोमॅटिक सांगा, आणि पाच माणसं म्हणून मोठी. सामान्य पाच सीटच्या गाडीत पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा बसत नाहीत, हा मुद्दा भाडेकंपनीच्या दारात नव्हे, आत्ता लक्षात घ्या. दोघांत एक मोठी बॅग पुरते. मुलाची उंची 135 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट कायद्यानं हवी. महामार्गाचं टोल-स्टिकर, म्हणजे विन्येट, ऑस्ट्रियात घेतलेल्या गाडीला सहसा असतं, पण विचारून खात्री करा. काही बोगद्यांचा टोल वेगळा असतो.

पहिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, वाहनतळात फेऱ्या मारून घालवा. उजवीकडून चालवणं तासाभरात अंगवळणी पडतं, इंडिकेटर पडत नाही: आपल्या गाड्यांत तो उजव्या हाताला, तिथे डाव्या. दोन दिवस प्रत्येक वळणावर आमचे वायपर कोरड्या काचेवर नाचत होते. गावात 50, गावाबाहेर 100, महामार्गावर 130, आणि खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा आधी हक्क. काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरतं हळू करून उपयोग नाही. मी एका गावात 30च्या पाटीखालून 50नं गेले. त्याचं पत्र तीन महिन्यांनी पुण्यात आलं, भाडेकंपनीच्या कागदपत्रशुल्कासकट. महामार्गावर गाड्या थांबल्या की डाव्या लेननं डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेला वाट सोडायची, आणि ती गाड्या रांगेत उभ्या राहण्याआधीच.

सासूबाईंना सगळीकडे पुढची सीट द्या. नवऱ्याशेजारी बसायची तुमची जागा चार दिवस त्यांची. नकाशा मागे सासऱ्यांच्या हातात, मुलगा मधे. गाडी लागणाऱ्या माणसाला समोरचा रस्ता दिसला की बराच फरक पडतो.

राहता राहिला हापूस. नाही. युरोपीय संघात बाहेरून फळं नेताना रोपस्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटतात. आंबा सुटत नाही. दुधाचे पदार्थही नाहीत, म्हणजे तूप आणि पेढेही घरीच. बाकरवडी चालते. सासूबाईंना सांगा, पेटी निघायच्या आधी संपवायची, आणि शेवटचे दोन पिकत आलेले आंबे निघायच्या सकाळी टॅक्सी येईपर्यंत.